शिपाई स्टुलावर जाईनात

आमच्या गल्लीत किस्से सांगायला मुद्दाम कोणी बसत नाही. ते ओट्याखाली साचतात, चपलांसारखे. कोणाची कधी राहून गेली ते कळत नाही, अन् एखाद्या दिवशी खराटा आत घातला की एकेक बाहेर यायला लागते! मी तर गल्लीतली नावाजलेली चौकशीखोर. शिकले नववीपर्यंत, पण कोणाच्या घरी आज कोणती भाजी आहे ते फोडणीच्या वासावरून सांगते. लोक हसतात. हसू द्या.

हे किस्से सगळे एकाच घरातले आहेत. सेनगाव तालुक्यातलं आमचं गोरेगाव. बाजाराच्या रस्त्यावरून आत वळलं की शाळेच्या भिंतीला लागून आमची गल्ली, अन् माझ्या घराला खेटून देवरावमामांचं घर. मामा म्हणजे शाळेचे शिपाई. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी अख्खं गाव त्यांना मामाच म्हणतं. त्यांची बायको कौसाबाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मूलबाळ नाही. मधल्या भिंतीवरून आम्हा दोघींचं बोलणं असं चालायचं, की माझा नवरा म्हणायचा, "भिंत पाडून टाका, निदान विटा तरी कामी येतील!"

कौसाबाई गेल्या, त्याला आता वर्ष होईल. म्हणजे शेवट मी तुम्हाला आधीच सांगून टाकला. पण किस्से त्यांचेच आहेत, अन् त्यातले निम्मे हसण्यासारखे आहेत, त्याला मी काय करू?

* * *

मामा रिटायर झाले तेव्हा शाळेनं शाल-नारळ दिलं. हेडमास्तरांनी विचारलं, "देवराव, आणखी काही पाहिजे का?"

मामांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, हेडमास्तरांच्या दाराबाहेरचं लाकडी स्टूल. त्यावर ते सव्वीस वर्षं बसले. अन् दुसरा, रेल्वेच्या रुळाचा तुकडा. त्यावर ते घंटा द्यायचे. शाळेत तोवर बटनाची घंटा आली होती, त्या तुकड्याचं कोणाला काही नव्हतं. सरांनी देऊन टाकला. फक्त एक अट घातली.

"घरी टांगा, पूजा करा, काही बी करा. पण वाजवू नका. शाळा भिंतीपलीकडं आहे, पोरं दप्तरं घेऊन पळतील!"

मामांनी शब्द दिला. रूळ पडवीत तारेनं टांगला, स्टूल दाराशी ठेवलं. कौसाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. मला म्हणाल्या,

"सव्वीस वर्षांत ह्यांनी शाळेतून दोनच चिजा आणल्या बघ, सुमन. एक बसायची, अन् एक बडवायची!"

* * *

मग ती गाठ आली. डाव्या बाजूला, छातीत. तेव्हा तिला गाठ कोणी म्हणत नव्हतं. सूज असेल, असं ठरलं. दुखत नव्हतं, ताप नव्हता, कौसाबाई घागर उचलत होत्या, भाकरी थापत होत्या. मामांची बहीण कुरुंद्याला दिलेली. तिच्या शेतातली हळद घरात भरपूर. ती गरम करून लेप सुरू झाला. सुजेवर आपल्याकडं दुसरं काय करतात?

दोरीवर पिवळे ब्लाउज वाळायला लागले. मी भिंतीवरून विचारलंच.

"काय हो कौसाबाई, कोणाची हळद लागली?"

"माझीच! दुसऱ्यांदा लागली. नवरा तोच हाय, काय करता!"

दोघी इतक्या हसलो की पलीकडच्या वर्गातून गुरुजींनी खिडकी लावून घेतली.

चार महिने तो लेप चालला. ज्या बाईला फोडणीच्या वासावरून भाजी कळते, तिला चार महिने पिवळे ब्लाउज दिसले, अन् काही कळलं नाही.

कळलं ते छायाला. छाया आमच्या गल्लीची आशाताई, गावची पोरगी, कागद घेऊन घरोघर फिरते. कौसाबाईंना आत नेऊन तिनं हात लावून बघितलं. बाहेर आली ती चेहरा पाडून.

"मावशी, दुखतं का हे?"

"न्हाई बाई. काडीचं न्हाई."

मामा स्टुलावरून म्हणाले, "दुखत न्हाई, म्हंजे चांगलंच की!"

छायानं पेनाचं टोपण लावलं. "मामा, दुखलं असतं तर बरं झालं असतं. दुखलं असतं तर तुमी चार महिने घरी बसला नसता."

* * *

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेले. मामांना लिफ्टची भीती अन् कौसाबाईंना मामांची काळजी, कोणीतरी पाहिजेच ना!

तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला, अन् काखेपर्यंत पोचलेला. डॉक्टर मॅडम तरुण होती, पण मोठी मायाळू. खुर्ची ओढून समोर बसली अन् समजावून सांगायला लागली.

"मावशी, आपल्या अंगात शिपाई असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी. कुठं जखम झाली, जंतू शिरले, की हे शिपाई धावत येतात. त्यांच्या धावपळीनं ती जागा लाल होते, गरम होते, सुजते. सूज आली म्हणजे शिपाई कामावर आहेत."

कौसाबाईंनी तोंडाला पदर लावला. मॅडमला वाटलं, रडतात. त्या हसत होत्या.

"काय झालं मावशी?"

"काही न्हाई मॅडम. आमचे हे बी शिपाईच हायत. पण धावताना मी कधी पाह्यले न्हाईत!"

मॅडमच्या मनात शिपाई म्हणजे बंदूकवाला. आमच्या तिघांच्या मनात शिपाई म्हणजे स्टुलावरचा. तिथून जो घोळ सुरू झाला, तो शेवटपर्यंत चालला. पण मॅडम हुशार. तिनं लगेच धागा पकडला.

"बरं मामा, वर्गात मारामारी झाली तर कोण जातं?"

"मी."

"अन् मिटली की?"

"परत स्टुलावर."

"हां! जखम भरली की यांनीही परत स्टुलावर जायचं असतं. पण कॅन्सरची गाठ म्हणजे न भरणारी जखम. शिपाई परत जाईनातच. त्यांच्या सुटीची घंटा होतच नाही. मग हळूहळू गाठ त्यांनाच आपल्या बाजूला वळवते. तिला हाकलायला आलेल्यांपैकीच काही तिला रक्त पोचवतात, बाकीच्या शिपायांना अडवतात. अन् रक्ताच्या नळीचं दार उघडून तिच्या पेशींना आत सोडतात. तिथून त्या अंगात कुठंही जाऊ शकतात."

मामा खुर्चीवरून उठून उभे राहिले. हेडमास्तरांसमोर उभे राहायचे तसे, हात मागं बांधून.

"न्हाई मॅडम. शिपाई असं करत न्हाई."

"सगळे नाही करत मामा. पुष्कळजण अजून लढतायत."

"एक बी करत न्हाई!"

परत येताना हिंगोलीपर्यंत एसटीनं आलो. स्टँडवर गोरेगावच्या जीपमध्ये बसल्यावर मामा मला म्हणाले, "सव्वीस वर्षं झाली, सुमनबाई. इचारल्याबिगर एक परका माणूस मी वर्गात जाऊ दिला न्हाई!"

कौसाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "अहो, तुमच्यावर न्हाई आलं ते. माझ्या अंगातल्यांचं म्हणल्या त्या." मग बाहेर बघत हळूच म्हणाल्या, "माझेच निघाले तसले."

* * *

किमो सुरू झाला. केस गेले. दुसऱ्या डोसानंतर रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी एकदम खाली. मॅडमनं बजावलं, "शिपाई कमी झालेत. जंतूंपासून जपा. घरात गर्दी नको, सर्दी-खोकल्याचं माणूस तर अजिबात नको."

झालं! मामांना पुन्हा नोकरी लागली. सकाळी दाढी करून, खाकी टोपी घालून ते दाराशी स्टुलावर बसायचे. जो येईल त्याला, "काय काम हाय?"

मी मिरच्या भाजत होते. तशीच उठून गेले अन् दारात मला शिंक आली.

"उद्या या."

"मामा, मिरचीची शिंक हाय हो!"

"शिंक ती शिंक."

तीन दिवस मी भिंतीवरूनच बोलले. कौसाबाई आतून म्हणायच्या, "सुमन, अर्ज कर! दोन कापीत कर!"

एक दिवस खुद्द हेडमास्तर भेटायला आले. सव्वीस वर्षं ज्यांच्या दाराशी मामा बसले, ते सर. मामा उठले, नमस्कार केला, पण दारातून हलले नाहीत.

"सर, तुमी भाइरूनच बोला."

"देवराव, ओळखलं नाही का मला?"

"ओळखलं सर. म्हणून तर. तुमाला बारा महिने सर्दी असते!"

सरांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं अन् ओट्यावर बसून खिडकीतून तब्येत विचारून गेले. त्याच आठवड्यात सुया देऊन पेशी वर आल्या. मामांनी गल्लीत साखर वाटली. प्रत्येक दारात एक चिमूट.

"भरती झाली! शिपाई वाढले!"

* * *

ऑपरेशन झालं. जखम भरत होती, पण गल्लीतल्या बायकांनी निकाल दिला: वांगं बंद, आंबट बंद. सूज चढते! मामांनी निकाल पाळला. अन् कौसाबाईंचा जीव कशात? भरतात!

माझ्या चुलीवर वांगं भाजलं की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "सुमन, पाप लागंल तुला!" एकदा मी वाटी भिंतीवरून सरकवली. मधेच एक हात आला अन् वाटी घेऊन गेला. मामा! स्वतः खाल्लं नाही, गल्लीतल्या म्हशीला घातलं. वाटी धुऊन परत आणली. "नियम म्हंजे नियम."

पण माणूस सरळ. पुढच्या वेळी नांदेडला गेल्यावर मॅडमसमोर उभे राहून त्यांनी गंभीरपणे विचारलं,

"मॅडम, वांग्यानं शिपाई भडकतात का?"

मॅडमला आधी कळेना. कळलं तेव्हा ती तोंडावर हात ठेवून हसली. "नाही हो मामा! खाऊ द्या त्यांना वांगं!"

कौसाबाई खुर्चीतून ताडकन वळल्या. "तीन महिने! कॅन्सर राहिला बाजूला, हे तर वांग्यावाचून मारून राहिले होते मला!"

त्या संध्याकाळी माझ्या घरी भरीत केलं. कांद्याची पात, हिरवी मिरची, वरून कच्चं तेल. कौसाबाईंनी दोन भाकरी खाल्ल्या. डोक्यावर बारीक केस उगवायला लागले होते, नुकत्या उगवलेल्या मेथीसारखे. मामा म्हणाले, "शाळेत नाव घालावं लागते आता हिचं." ते चार-पाच महिने फार चांगले गेले. फार चांगले.

* * *

मग थंडी संपता संपता कौसाबाईंना थोडा खोकला लागला. धूळ असेल, म्हणालो. वेळच्या वेळी रक्त तपासायचं होतं, ते हिंगोलीला दिलं. मामा कागद घेऊन जीपमधून उतरले ते हसतच. त्यांना कागदावरचं एकच वाचता यायचं: पांढऱ्या पेशींचा आकडा. तो आकडा वाढला होता. चांगलाच वाढला होता!

मामांनी परत साखर काढली. घरोघर फिरले. माझ्या तळहातावर चिमूटभर ठेवून म्हणाले, "या टायमाला कधी नव्हे एवढी भरती हाय, सुमनबाई! आता काय बिशाद हाय त्याची!"

मी साखर खाल्ली. सगळ्या गल्लीनं खाल्ली.

नांदेडला मॅडमनं कागद बघितला, मग कौसाबाईंकडं बघितलं.

"मावशी, ताप येतो का? कुठं जखम? लघवीला जळजळ?"

"न्हाई बाई. थोडा खोकला हाय."

"मामा," मॅडम म्हणाली, "शाळेत काही गडबड नसताना एवढे शिपाई गोळा होतील का?"

मामांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. काढून ठेवायला जागा नसल्यासारखं.

छातीचा फोटो काढला, मशीनमध्ये घातलं. फुप्फुसात पोचला होता. दोन्ही बाजूंनी. मॅडम हळू आवाजात सांगत होती. गाठ ज्या गावाला जायची असते, तिथं कधी कधी तिच्या आधी हे वळलेले शिपाई जातात. जागा तयार करून ठेवतात. ती आली की तिला मूळ धरायला सोपं जावं म्हणून.

"जसं पाहुणे यायच्या आधी तुम्ही खोली झाडून ठेवता ना, मामा."

कौसाबाईंनी छातीवर हात ठेवला.

"म्हंजे इथं आत खोली झाडून ठेवली होती शिपायानं?" त्यांनी मामांकडं बघितलं. "अन् घरी तीस वर्षांत एकदा झाडू हातात धरला न्हाई!"

हसलो आम्ही. काय करणार? त्या खोलीत चौघंजण हसलो, अन् मग मॅडम उठून खिडकीपाशी गेली.

* * *

ती खिडकीपाशी असतानाच मामांनी विचारलं. मला वाटतं, हे विचारायला त्यांना दीड वर्ष लागलं होतं.

"मॅडम, सूज म्हणून मी चार महिने हळद लावली. तिनंच त्याला वाट करून दिली का?"

मॅडम परत येऊन बसली. "हळदीनं काही केलं नाही मामा. चांगलंही नाही, वाईटही नाही."

"अन् वेळ? चार महिन्यांत दार उघडलं असंल का त्यानं?"

मॅडम खोटं बोलणारी नव्हती. तिनं टेबलावरचा कागद सरळ केला. मग परत सरळ केला.

तेवढ्यात कौसाबाई म्हणाल्या, "चार महिन्यांचं काय घेऊन बसलात? ह्यांना सांगायच्या आधी वर्षभर मला माहीत होतं. मीच लपवलं. लाज वाटली. त्यात ह्यांचा काय दोष?" अन् मामांना दटावून, "अन् तुमी बी! सारं स्वतःवर घ्यायची सवय. शाळेत काच फुटली तरी ह्यांचीच चूक!"

मामांनी त्यांच्याकडं बघितलं. बराच वेळ. मग मान हलवली.

मी तिथंच बसले होते, अन् मला माहीत होतं की हे साफ खोटं आहे. कारण ज्या दिवशी ती गाठ पहिल्यांदा हाताला लागली, त्या दिवशी कौसाबाई न्हाणीतून ओल्या केसांनी तडक भिंतीशी आल्या होत्या. "सुमन, इथं काहीतरी लागून राहिलं हाताला. आत्ताच लागलं बघ." अन् मी इकडून चवळी निवडत म्हणाले होते,

"सूज असंल हो."

'असं ठरलं' असं मी वर लिहिलं ना, ते मीच ठरवलं होतं. मामा तर संध्याकाळी बाजारातून आल्यावर माझाच शब्द म्हणाले.

दवाखान्याच्या जिन्यात कौसाबाईंनी माझा दंड धरला. "तू साऱ्या गावाला सारं सांगतीस. हे एवढं सांगू नको. ह्यांना तर न्हाईच."

"कौसाबाई, पण सूज तर मीच..."

"तुझं बी नको सांगू. दोघांचं मिळून एकच झाकण ठेवलं मी, ते उघडू नको."

मी ते पोटात ठेवलं. माझ्या आयुष्यात एवढीच एक गोष्ट. आता लिहायला घेतलं तेव्हा मात्र चोरून लिहायला जीव होईना, म्हणून मामांना जाऊन सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. स्टुलावरच.

"मला तवाच कळलं होतं, सुमनबाई. कौसाच्या पोटात गोष्ट वर्षभर राहते? दोन तास न्हाई राहत! पण तिनं एवढं केलं, तर आपण मान हलवावी."

"अन् सूज मी म्हणाले होते, ते?"

"ते बी तिनं त्याच दिवशी सांगितलं होतं. 'सुमन म्हणती, सूज हाय.'"

"मग एवढ्या वर्षांत तुमी मला एका शब्दानं बोलला न्हाईत?"

मामा म्हणाले, "दाराशी बसलेल्या माणसानं ऐकलेलं भाइर सांगायचं नसते."

* * *

आता हा शेवटचा.

मॅडमनं सांगितलं होतं, घरी न्या, दुखू द्यायचं नाही एवढंच बघू. छाया रोज येऊन औषध देऊन जायची. दारावर आता कोणाला अडवायचं कारण नव्हतं, तरी मामा स्टुलावर बसायचे. फक्त स्टूल त्यांनी दाराबाहेरून आत घेतलं होतं, बाजेच्या उशाशी.

सोमवार होता. सकाळचे साडेअकरा झाले असतील. भिंतीपलीकडं शाळा भरलेली, तिसरीचे पाढे चालले होते. मी पेज घेऊन गेले. त्या दिवशी मामांनी "काय काम हाय?" विचारलं नाही.

कौसाबाईंनी डोळे उघडले. हात वर केला तर बांगड्या मनगटावरून घसरत कोपरापर्यंत गेल्या. त्यांनी त्या बांगड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग मामांकडं.

"बघा," त्या म्हणाल्या, "सूज उतरली."

मी त्यांचा हात धरला.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "अहो मामा." त्या मामांना मामा फक्त चेष्टेत म्हणायच्या. "शिपाई गेले का परत स्टुलावर?"

मामा स्टुलावरच बसले होते. म्हणाले, "व्हय. गेले. सारे बसले."

"मग घंटा द्या की त्यांना. लांबवाली."

"आत्ता? शाळा भरलीय, कौसा. सरांना शब्द दिला हाय मी."

कौसाबाई नुसत्या बघत राहिल्या. ओठाच्या एका कोपऱ्यात ते जुनं हसू होतं, चिडवायच्या आधीचं.

अन् मामा धावले. खरंच धावले. बाजेपासून पडवी सहा पावलं असेल, पण धावले. कोनाड्यातला लोखंडी गज घेतला अन् रुळावर पहिला ठोका टाकला. तीन वर्षं त्या रुळाला कोणी हात लावला नव्हता. सगळी गल्ली दणाणली. आधी एकेक, सावकाश. मग जवळजवळ. मग भराभर, भराभर, शाळा सुटताना द्यायचे तशी. कौसाबाई ऐकत होत्या. कुठपर्यंत ऐकत होत्या, ते मला सांगता येत नाही. हात माझ्या हातात होता.

पलीकडचे पाढे मधेच थांबले. अन् मग एकच कल्ला उठला! दोन-अडीचशे लेकरं दप्तरं डोक्यावर घेऊन फाटकातून सुटली अन् आमच्या गल्लीतून, मामांच्या दारावरून, ओरडत, एकमेकांना ढकलत घराकडं पळत निघाली. मामा घंटा देतच होते.

लेकरांच्या मागून हेडमास्तर धावत आले. लालबुंद. मागं दोन गुरुजी. "देवराव! अरे देवराव, काय हे!" करत पडवीच्या पायरीशी आले, अन् त्यांना उघड्या दारातून आतलं दिसलं. बाज दिसली. मी दिसले.

सर थांबले. एक गुरुजी ओरडत पुढं निघाले होते, "ए, मागं फिरा सगळे! मागं फिरा!" सरांनी त्यांचा हात धरला, खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला.

"जाऊ द्या त्यांना," सर म्हणाले. "घंटा झाली म्हणजे सुटली."